पोथी, खिळा आणि परीक्षा

१५५६ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या सहाव्या तारखेस पोर्तुगालहून आलेल्या एका गलबतातून गोव्याच्या धक्क्यावर जे सामान उतरले त्यात एक छापखाना होता; आणि मौज अशी की तो गोव्यासाठी आलेलाच नव्हता. हबसाण (आजचा इथिओपिया) देशाकडे निघालेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका मेळ्याबरोबर तो रवाना झाला होता. परंतु तिकडच्या बादशहाची मर्जी या पाहुण्यांवर नाही असे कळल्यामुळे मंडळी गोव्यासच अडकून पडली, आणि मंडळींबरोबर त्यांचे यंत्रही. जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात ते मांडण्यात आले, हुआन दे बुस्तामांते नावाचा मुद्रक ते चालवू लागला, आणि प्रार्थनेचे पुस्तक अथवा राजाज्ञा छापण्याच्या आधी त्या यंत्रातून जी पहिली छापील वस्तू बाहेर पडली ती होती कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वादसभेत मांडावयाच्या तत्त्वज्ञानविषयक सिद्धान्तांची यादी. त्या छापील पत्रांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तथापि हिंदुस्थानात छपाईचे यंत्र प्रथम उभे राहिले ते एका विद्यालयाच्या आवारात, आणि प्रथम उपयोगी पडले ते विद्यार्थ्यांच्या वादविवादास, ही गोष्ट मला नेहमीच मनोरंजक वाटत आली आहे. कारण पुढे तीनशे वर्षांनी याच यंत्राने आपल्या उच्च शिक्षणातून वादसभा हद्दपार केली आणि तिच्या जागी निराळीच एक संस्था आणून बसविली.

गोव्यातला हा योग आपल्या विद्येस मात्र फळला नाही. यंत्राजवळ खिळे होते ते रोमन लिपीचे. आणि या देशाच्या लिपीचे खिळे पाडावयाचे म्हणजे काय दिव्य आहे, याची पुरती जाणीव गोव्यातील जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यास होती. इथल्या भाषेत व इथल्याच अक्षरांत ग्रंथ छापलेले पाहावेत अशी इच्छा त्याने १६०८ साली रोमला धाडलेल्या पत्रात व्यक्त केली आहे, आणि युरोपात चोवीस अक्षरांवर जे काम भागते त्यास येथे सहाशेच्या घरात साचे लागतील ही अडचणही त्याच पत्रात नमूद केली आहे. ती अडचण सुटली नाही. त्याच्याच ज्या क्रिस्तपुराणात मराठी भाषेची एवढी स्तुती आहे, ते १६१६ साली राचोलच्या छापखान्यातून रोमन अक्षरांच्या पोशाखात बाहेर पडले. पुढे सुरतेच्या भीमजी पारेख नामक सधन व्यापाऱ्याने ब्राह्मणांच्या पोथ्या छापाव्यात अशा हौसेने ईस्ट इंडिया कंपनीमार्फत विलायतेहून मुद्रक मागविला. हेन्री हिल्स हा गृहस्थ १६७४ साली आलाही. पण त्यास छापता येत होते, खिळे पाडता येत नव्हते! नाना फडणिसांच्या कारकीर्दीत पुण्यास एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरवून गीता छापण्याची खटपट झाली असे सांगतात. त्या खटपटीचे फळ पुण्यास न मिळता मिरजेस मिळाले, आणि १८०५ साली तेथे पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापून निघाली. त्याच साली तिकडे बंगाल्यात श्रीरामपुरास विल्यम केरीने मराठीचे व्याकरण छापले. तेही फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणाऱ्या इंग्रज अंमलदारांच्या सोयीसाठी. म्हणजे मराठीचा पहिला छापील शालेय ग्रंथ ज्यांच्या हाती पडला ते विद्यार्थी मराठी नव्हते.

या अडीचशे वर्षांत आपली वरिष्ठ विद्या कशावर चालली होती, हे नीट ध्यानात घेतल्याखेरीज पुढील उलथापालथीचे मोल कळावयाचे नाही. ती चालली होती कंठावर आणि पोथीवर. आणि त्या दोहोंत कंठ थोरला होता. दशग्रंथी वैदिकास पोथी लागतच नसे. किंबहुना पोथी पाहून वेद म्हणणे हे कमीपणाचे लक्षण समजले जाई. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्यांनी एकच ऋचा सुलट, उलट आणि गुंफून इतक्या प्रकारे म्हटली जाई, की एखादा स्वर निसटावा म्हटले तरी त्यास वाट मिळू नये. शास्त्र्याची गोष्ट निराळी. त्याच्यासमोर पोथी असे. पण ती पोथी म्हणजे आपल्या आजच्या अर्थाने पुस्तक नव्हे. जुन्नरी कागद घोटून गुळगुळीत करावा, काजळाच्या शाईत बोरू बुडवून त्यावर शब्दाशब्दांत अंतर न ठेवता ओळीमागून ओळ लिहीत जावे, चूक झालीच तर त्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप द्यावा आणि तो वाळल्यावर वर शुद्ध अक्षर काढावे, असा तो व्यवहार होता. एखाद्याच्या श्रमावर हरताळ फासला असे आज आपण म्हणतो तेव्हा नासाडीचा अर्थ घेतो. लेखकाच्या बैठकीवर मात्र हरताळ हे शुद्धीचे साधन होते, आणि एकाच वस्तूच्या वाट्यास असे दोन अर्थ यावेत यात पोथीयुगाचा अस्त कसा झाला याची थोडी चुणूक दिसते.

अशा अखंड ओळींतून अर्थ काढण्याच्या कलेस पाठशाळेत 'पंक्ती लावणे' म्हणत. पंक्ती लावावी ती गुरूने, आणि शिष्याने ती लावून दाखवावी तीही गुरूसमोर. ज्या गावी ज्या शास्त्राची पोथी आणि ती लावणारा शास्त्री असेल त्या गावी विद्यार्थी चालत जाई. वाईस जाई, पैठणास जाई, वेळ पडल्यास काशीस जाई. माधुकरी मागून राही, ग्रंथ ऐकता ऐकता त्याची नक्कल करी, आणि परत येताना जी पोथी पाठीवर आणी ती त्याच्या हातची असे. ग्रंथ, गुरू आणि गाव ही तिन्ही अशी एकमेकांस जखडलेली होती. कसोटीही त्याच जातीची. श्रावणमासात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात पेशवे जी दक्षिणा वाटीत, तीत भिक्षुकांचा सुकाळ होताच आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे. परंतु त्या गर्दीतही विद्वानाची परीक्षा घेऊन त्याच्या योग्यतेनुरूप रक्कम ठरविण्याची चाल होती, आणि ती परीक्षा माणूस समोर बसवून होत असे. कोणत्या शास्त्रात तुमचा अधिकार, कोणाजवळ अध्ययन झाले, आणि मग प्रश्न. प्रश्न आधी ठरलेला नसे, उत्तरही कागदावर उतरत नसे. या पद्धतीत कृपा, ओळख आणि जात यांना मोकळे रान होते, हे सांगावयास नकोच.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकदम बंद न करता सालाची पन्नास हजारांची मोईन कायम ठेवली, आणि कमिशनर चॅप्लिन याने त्या रकमेच्या काही हिश्शावर १८२१ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. बाजीरावाच्या विलासाचा वाडा, दक्षिणेचा पैसा, जुनेच शास्त्री आणि जुन्याच पोथ्या: न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष, धर्मशास्त्र, वैद्यक. नवे काय होते? हजेरी होती, नेमलेले तास होते, विद्यार्थ्यास दरमहा वेतन होते, आणि सर्वांच्या वर एक गोरा अंमलदार होता. ब्राह्मणेतरांस दार बंद होते ते तसेच राहिले. विद्येच्या घरात सरकारी दफ्तर शिरले, पण यंत्र अद्याप शिरले नव्हते.

यंत्र शिरले ते मुंबईच्या बाजूने. १८२२ साली तेथे शाळापुस्तके तयार करण्यासाठी मंडळी स्थापन झाली, तिने शिळाछापाचा अंगीकार केला, आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारख्यांनी भाषांतरे करून तिच्या दगडांना काम पुरविले. शिळाछाप ही वस्तू आपल्या समाजास मानवली याचे कारण उघड आहे: तीत खिळे नव्हते. शिळेवर उतरे ते लेखकाचेच वळण. म्हणून छापलेली पोथीही पोथीसारखीच दिसे, आडव्या सुट्या पानांची, हाताच्या अक्षरांची. ती पोथी बांधावयाचा रुमालही बदलावा लागला नाही. गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थाने अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याच्या हाताखाली ही विद्या पाहून घेतली, स्वतः यंत्र उभारले, स्वतः शाई सिद्ध केली, आणि १८३१ साली शके १७५३ चे पंचांग छापून काढले. छापील शाईत चरबी असते या धास्तीने सोवळे लोक छापलेला कागद हाती धरीत नसत. त्यांच्यासाठी गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले असे सांगतात. मला या तुपाच्या शाईचे महत्त्व धर्मभोळेपणाच्या गमतीपेक्षा अधिक वाटते. ज्याच्या हातचे पाणी पंडित पिणार नाही, त्याच्या हातचा ग्रंथ तो वाचू लागला. आणि एकदा वाचू लागल्यावर तो ग्रंथ कोणास विकावा आणि कोणास नाही, हे ठरविणे पंडिताच्या हाती राहिले नाही.

पुढचा पल्ला खिळ्यांचा. खिळे जुळवावयाचे म्हणजे शब्द सुटे करावे लागतात, शब्द सुटे केले की वाक्य कोठे थांबते हा प्रश्न उभा राहतो. आणि विश्रामबागवाड्यातील पाठशाळेवर देखरेख करणारे मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध करून मराठीस स्वल्पविराम आणि पूर्णविराम दिले, यात मला मोठे औचित्य दिसते. आजवर पंक्ती गुरू लावीत होता. आता ती निम्मीशिम्मी जुळाऱ्याने लावून दिली. एकट्याने, मनातल्या मनात, गुरूवाचून वाचता येईल अशी ओळ प्रथमच निर्माण झाली. बाळशास्त्री जांभेकर, जे १८३४ साली एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक झाले, ते या नव्या ओळीचे पहिले मोठे रहिवासी: 'दर्पण' हे वृत्तपत्र काढणारे, शून्यलब्धिगणितावर मराठीत पुस्तक लिहिणारे, आणि १८४५ साली ज्ञानेश्वरी प्रथम छापून काढणारे. वर्षभराने ते गेले, ते केवळ चौतिसाव्या वर्षी.

दरम्यान दक्षिणेच्या पैशावरून पुण्यात जे रण माजले तेही या संदर्भात पाहिले पाहिजे. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या मताच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की हा पैसा नुसत्या पाठांतरास न देता मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा. शास्त्रीमंडळी खवळली. परंतु १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली, आणि रमण्यात ज्ञानवंताच्या पदरात पडणारा पैसा छापील ग्रंथाच्या कर्त्यास मिळू लागला. त्याच साली विश्रामबागेतील पाठशाळा इंग्रजी शाळेत मिसळून पुणे कॉलेज झाले, ज्यास पुढे डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. आणि दक्षिणेचा आणखी एक ओघ कॉलेजातील होतकरू पदवीधरांस 'दक्षिणा फेलो' म्हणून वेतन देण्याकडे वळला. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावास सुरू केलेल्या धर्मादायाचा पैसा न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी खर्ची पडावा, ही दैवाची योजना मानावी की दफ्तराची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता मूळ मुद्दा. १८५७ च्या जुलैत कायद्याने स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर घडविलेले होते. म्हणजे त्यास वर्ग नव्हते, अध्यापक नव्हते, विद्यार्थी तरी कोठे होते? होते ते परीक्षार्थी. शिकवावे कॉलेजांनी, विद्यापीठाने पुस्तके नेमावीत, प्रश्न काढावेत आणि पदव्या द्याव्यात. ही व्यवस्था जवळजवळ साठ वर्षे चालली. विद्यापीठाने स्वतः शिकवावयास आरंभ केला तो पहिले महायुद्ध होऊन गेल्यावर. नुसती परीक्षा घेणारे विद्यापीठ ही कल्पना आपल्या जुन्या पंडितास अगदी हास्यास्पद वाटली असती. आणि पोथीच्या युगात ती खरोखरच अशक्य होती. कराचीपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या इलाख्यात, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या मुलांस एकाच दिवशी एकच प्रश्न विचारावयाचा, आणि त्यांच्या उत्तरांची तुलना करून त्यांचा क्रम लावावयाचा, तर त्या सर्वांच्या हाती अक्षरशः एकच ग्रंथ असला पाहिजे: तीच आवृत्ती, तोच पाठ, तेच पान. हस्तलिखित पोथ्यांच्या जगात कोणत्याही दोन प्रती एकसारख्या नसतात. छापखान्याने उच्च शिक्षणास पुस्तक दिले असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. पुस्तक पूर्वीही होते. छापखान्याने दिली ती परीक्षा. आणि ज्यास आपण इंग्रजी विद्येचा परिणाम समजतो त्यातले बरेचसे वस्तुतः या एका गोष्टीचे परिणाम आहेत.

१८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली. उत्तीर्णांची संख्या विसाच्या आसपास होती. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांच्या वाचनाच्या कथा प्रसिद्ध आहेत. परीक्षेसाठी म्हणून त्यांनी इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथांचा जो फडशा पाडला, त्याच्या पायी डोळे बिघडले, आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्याकडून वाचवून घेऊन ऐकण्याची त्यांना सवय करावी लागली. जुन्या वैदिकाचा घसा बसत असे, नव्या विद्वानाचे डोळे जाऊ लागले. आणि डोळे गेल्यावर रानडे पुन्हा श्रवणाकडेच वळले, हेही खरे.

विद्यापीठाच्या मालकीचे ग्रंथालय होण्यास मात्र कापसाची तेजी यावी लागली. १८६४ साली प्रेमचंद रायचंद या सट्टेबाजाने ग्रंथालयासाठी दोन लाख आणि त्यावरील मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, आणि आईचे नाव त्या मनोऱ्यास द्यावे असे सुचविले. तेजी लवकरच कोसळली, दातेही बुडाले. मनोरा १८७८ साली दोनशे ऐंशी फुटांपर्यंत चढून पुरा झाला. खाली पुस्तके आणि वर घड्याळ. अभ्यासक्रम आणि वेळापत्रक यांच्यावर उभ्या असलेल्या विद्यापीठाचे चित्र यापेक्षा नेमके कोणत्याही शिल्पज्ञास काढता आले नसते. मूळ आराखडा करणाऱ्या सर गिल्बर्ट स्कॉटने तर मुंबई डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

संस्कृताची गत काय झाली हे पाहिले म्हणजे या क्रान्तीची खोली कळते. पूर्वीचा मुलगा रूपावली घोकी, अमरकोश पाठ करी, आणि बऱ्याच वर्षांनी काव्याकडे वळे. भांडारकरांनी १८६४ च्या सुमारास 'मार्गोपदेशिका' लिहिली आणि चार वर्षांनी तिचा दुसरा भाग. तीत धडा, शब्द, भाषांतरास वाक्ये, पुन्हा धडा, असा क्रम होता. पिढ्यान्‌पिढ्या लक्षावधी नव्हेत तरी कित्येक सहस्र मुले या दोन लहान पुस्तकांच्या दारातून संस्कृतात शिरली, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरात संस्कृताचा वाराही यापूर्वी आलेला नव्हता. गंमत ही, की भांडारकर स्वतः पुण्यास दक्षिणा फेलो असताना शास्त्र्यांपाशी बसून जुन्या रीतीने संस्कृत शिकले होते. ज्या शिडीने आपण चढलो ती बाजूस ठेवून त्यांनी इतरांसाठी जिना बांधला. डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न हा जर्मन पंडित अनंतशास्त्री पेंढरकरांपाशी व्याकरण वाचीत होता, आणि त्या वाचनाचा अर्क त्याच्या परिभाषेन्दुशेखराच्या व महाभाष्याच्या आवृत्त्यांत उतरला. १८६८ पासून निघू लागलेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेच्या मुखपृष्ठांवर ब्यूलर आणि कीलहॉर्न ही नावे आहेत. अनंतशास्त्र्यांनी लावलेल्या पंक्ती जगभर गेल्या, अनंतशास्त्री पुण्यातच राहिले.

आणि खिळे? ते पाडीत होते जावजी दादाजी. हे गृहस्थ लहानपणी मिशनच्या छापखान्यात नोकरीस लागले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. आणि राणोजी रावजी आरू या कारागिराने कोरलेल्या वळणांनी देवनागरीस असा काही घाट दिला, की काशीच्या पंडितासही मुंबईची छापील प्रत आपल्या हस्तलिखितापेक्षा अधिक विश्वसनीय वाटू लागली. १८८६ पासून निर्णयसागराने काव्यमाला काढली. माझ्याजवळ तिचा एक जीर्ण भाग आहे. कागद पिवळा पडून कडांशी तुटतो, पण जोडाक्षरे अशी रेखीव, की पान उलटताना मजकुराआधी मनुष्य अक्षराकडे पाहत राहतो. संपादकांचे पांडित्य मोठे होतेच. पण ती शुद्धता पदरात पाडून देण्यात मुद्रिते तपासणाऱ्या शास्त्र्यांचा वाटा कमी नव्हता. पाठशाळेतून ज्यांची अन्नवस्त्राची सोय सुटली, त्यांपैकी कित्येकांस छापखान्याने मुद्रितशोधनाच्या मेजावर जागा दिली. त्यांची नावे मुखपृष्ठावर सहसा नसत.

परीक्षेने ग्रंथास जन्म दिला तसा ग्रंथाच्या दुय्यम अवताराससुद्धा. नेमलेल्या नाटकाची आवृत्ती, तीत संस्कृत टीका, इंग्रजी भाषांतर, टिपा, प्रस्तावनेत कवीचा काळ आणि पात्रांचे स्वभाव: मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या आवृत्त्या या प्रकारातल्या उत्तम, आणि त्या उत्तम म्हणूनच अजून विकल्या जातात. परंतु त्यांच्या मागून आली ती निव्वळ टिपणांची चोपडी, नोट्स, गाइडे. सुधारकांनी ज्या घोकंपट्टीस हसून पाठशाळा मोडीत काढली, तीच घोकंपट्टी कॉलेजात परतली. फरक इतकाच, की वैदिक मूळ ग्रंथ पाठ करीत होता आणि पदवीधर त्याची टिपणे पाठ करू लागला. मला विचाराल तर या सौद्यात वैदिक शहाणा ठरतो. पण त्याच्या पंगतीत बसावयास कोणास परवानगी होती हा प्रश्न मनात येतो आणि मी निमूटपणे गाइडाच्या बाजूस जाऊन उभा राहतो.

मराठीस तर छापखान्याच्या या न्यायासनासमोर बराच काळ आरोपीसारखे उभे राहावे लागले. विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्षांत देशी भाषा वरच्या परीक्षांत होत्या. लवकरच त्या काढून टाकण्यात आल्या, आणि सबब अशी, की त्यांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही. ज्ञानेश्वर, एकनाथ, मुक्तेश्वर, मोरोपंत यांच्या भाषेत वाङ्मय नाही! या सबबीचा खरा अर्थ होता, की शुद्ध, नेमता येईल असे छापील वाङ्मय नाही. परशुरामपंत गोडबोल्यांचे 'नवनीत' १८५४ पासून होते; सरकारने चोवीस हजार रुपये मंजूर करून विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडून तुकारामाची गाथा देहू, तळेगाव, पंढरपूर येथील वह्या ताडून छापवून घेतली, ती १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. वारकऱ्याच्या टाळकुटीची म्हणून हिणवलेली वाणी सरकारी खर्चाने पाठभेदांसह छापून आली, तरी सिनेट हलली नाही. शेवटी रानड्यांनी १८६७ च्या कायद्यान्वये नोंदल्या जाणाऱ्या छापील पुस्तकांच्या सरकारी याद्या पुढ्यात घेऊन मराठी वाङ्मयाच्या वाढीचा हिशेब मांडला, वर्षे मांडली, विषय मांडले, संख्या मांडल्या. भाषेचा अधिकार कवितेने सिद्ध होत नाही, तो नोंदवहीने सिद्ध होतो, हे त्या न्यायाधीशास पक्के ठाऊक होते. १९०१ च्या जानेवारीत ते निवर्तले. त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीस पुन्हा प्रवेश मिळाला.

पुण्यातील नव्या पिढीने ही गोष्ट न सांगता ओळखली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडण्यापूर्वीच 'निबंधमाला' सुरू केली, चित्रशाळा आणि छापखाना उभारला, आणि त्यानंतर १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. वर्षभराने 'केसरी', १८८५ त फर्ग्युसन कॉलेज. त्या कॉलेजाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे आज ओळखले जातात ते प्राचार्य म्हणून नव्हे, कोशकार म्हणून. महाराष्ट्रातल्या पहिल्या स्वदेशी कॉलेजाचा पाया खणला गेला तेव्हा खिळ्यांच्या पेट्या आधीच जागेवर होत्या.

एका ठिकाणी मात्र यंत्रास कंठापुढे मान लववावी लागली. शंकर पांडुरंग पंडितांनी अथर्ववेदाची आवृत्ती हाती घेतली तेव्हा पोथ्यांचे पाठ जुळेनात; युरोपीय पंडितांनी छापलेला पाठ त्यांस सर्वत्र पटेना. त्यांनी तो वेद मुखोद्गत असलेले वैदिक शोधून काढले, त्यांस समोर बसवून म्हणावयास लावले, आणि पोथीबरोबरच त्या जिवंत माणसांचे पाठही हस्तलिखितांच्या बरोबरीने टीपेत नोंदविले. हे चार खंड १८९५ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झाले, ते पाहण्यास पंडित उरले नव्हते. छापील पानाच्या तळाशी, पोथ्यांच्या खुणाक्षरांच्या शेजारी वैदिकांचीही नावे साक्षीदार म्हणून लागावीत, असा प्रसंग विद्येच्या इतिहासात फार थोड्यांदा आला असेल.

तळटीपेची ही जागा पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केवढी वाढविली! डेक्कन कॉलेजात साठलेला सरकारी पोथीसंग्रह या संस्थेच्या स्वाधीन झाला, आणि १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ झाला. सुखटणकरांनी १९२५ पासून ती मार्गास लावली, १९६६ साली ती पुरी झाली, आणि दरम्यान सुमारे साडेबाराशे पोथ्या हाताखालून गेल्या. पाठ ताडण्यासाठी चौकटी आखलेले खास कागद केलेले होते: वरच्या ओळीत श्लोक, एका चौकटीत एक अक्षर, आणि खाली एकेका पोथीची एकेक ओळ, अक्षर जुळले तर चौकट रिकामी, न जुळले तर भरलेली. काश्मीरची शारदा, बंगाल, नेपाळ, मल्याळी लिपीतली ताडपत्रे, सर्व त्या चौकटींत येऊन बसली. एकच पाठ सर्वांच्या हाती देण्याचे ज्याने शंभर वर्षे व्रत घेतले, त्याच छापखान्याने येथे पानाच्या वरच्या अर्ध्यात एक श्लोक आणि खालच्या अर्ध्यात, बारीक खिळ्यांत, त्याची शेकडो निराळी रूपे छापली. बी. ए. च्या वर्गासाठी त्यातला एखादा उतारा नेमला जातो, तेव्हा अर्थातच वरचा अर्धाच नेमतात.